रात्री दोनचा सराव: ट्रॉमा पथकांच्या प्रशिक्षणाबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

२०२२ साली महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर १५,२२४ माणसे अपघातांत दगावली. त्यांतली किती वाचली असती, हा हिशेब आम्ही मांडत नाही. १०८ रुग्णवाहिका रुग्णालयाच्या दारात लागल्यावर आत काय घडते, तेवढेच सांगतो.

सर्जरीचा निवासी डॉक्टर, भूलतज्ज्ञ, ऑर्थोचा डॉक्टर, दोन सिस्टर, एक मामा (वॉर्डातले मदतनीस). अनेकदा हे सगळे त्या रात्रीच पहिल्यांदा एकत्र आलेले. आपापले काम प्रत्येकाला येते. पण श्वासनलिकेत नळी घालताना मान कोणी धरायची, रक्त कोणी मागवायचे, शेवटचा शब्द कोणाचा, हे ठरलेले नसते. मग ब्लड बँकेला तिघे फोन करतात, किंवा कोणीच करत नाही.

यावर ‘एटीएलएस (ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट) करा’ असे सांगितले जाते. १९७६ मध्ये नेब्रास्कात स्वतःचे विमान कोसळून मुलांसह जखमी झालेल्या जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाच्या अनुभवातून तो अभ्यासक्रम उभा राहिला, आणि त्याचे मोल आम्ही जाणतो. पण तो मुख्यतः एकेका डॉक्टरला घडवतो. सिस्टर आणि मामा त्या वर्गाबाहेरच राहतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या संघटनेच्या काही सभासदांनी रात्री दोन वाजता, आपल्याच अपघात विभागात सराव केला. एक मामा रुग्ण होऊन ट्रॉलीवर झोपले (आणि मध्येच खरोखर झोपी गेले). ब्लड बँकेकडे जाणारी लिफ्ट रात्री बंद असते, हे तेव्हा कळले. रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झामिक ॲसिड कपाटात होते आणि कपाटाची किल्ली आधीच्या पाळीच्या सिस्टरबरोबर घरी गेली होती. हे औषध जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत द्यायचे, हे आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी: प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात महिन्यातून एकदा, खऱ्या अपघात विभागात, पाळीवर असलेल्या पथकाचाच सराव व्हावा. तो ड्युटीच्या वेळात धरावा आणि तेवढा वेळ बदली माणसे द्यावीत. सुटीच्या दिवशी बोलावून घेतलेला सराव आम्हाला नको. ब्लड बँक आणि लिफ्टमन त्यात असलेच पाहिजेत. फोन केल्यापासून रक्ताची पिशवी ट्रॉलीपाशी येईपर्यंतची मिनिटे दर वेळी लिहून ठेवावीत.

सरावानंतरच्या चर्चेत निघालेल्या चुका कोणाच्याही गोपनीय अहवालात जाऊ नयेत. याबाबत लेखी आदेश हवा. तो नसेल तर चुकीची कबुली कोणी देणार नाही आणि सरावाचे नुसते नाटक होईल.

सरावासाठीचे महागडे पुतळे आम्ही मागत नाही. २०२० च्या निकषांनी महाविद्यालयांना स्किल लॅब बंधनकारक झाली. आमच्या माहितीतल्या एका लॅबमधल्या पुतळ्यावरचे प्लास्टिक, खराब होईल म्हणून, अजून काढलेले नाही. लॅबला संध्याकाळी पाचला कुलूप लागते. ती रात्रपाळीसाठी उघडी ठेवावी, एवढेच. तिथे सराव शिकवायला दोन प्रशिक्षक नेमावेत, आणि त्यांतली एक अनुभवी परिचारिका असावी.

चर्चेसाठी एका महिन्याच्या आत वेळ मिळावी, ही विनंती. शिष्टमंडळात एक सिस्टर आणि ते ट्रॉलीवरचे मामाही असतील. त्या दिवशी त्यांची पाळी बदलून द्यावी.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद