कॅथलॅब हवी, पण आधी बीपीची गोळी

‘डहाणूत कॅथलॅब हवी’ हे पत्र वाचले. मागणी रास्तच; पण कॅथलॅब हृदयविकाराचा झटका आल्यावर उपयोगी, तो टाळणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हाती. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झाला. त्याची रीत साधी : तिशीपुढच्यांचा बीपी मोजा, तो १४०/९० च्या वरच राहिला तर ठरलेली गोळी महिनाभराची एकदम द्या, न फिरकणाऱ्याला फोन करा.

आमच्याकडे बीपी वाढवायला ताटात खारवलेले मासे, दातांना मशेरी. मच्छीमार दर्यावर, मजूर चिकूच्या वाडीत. ओपीडीच्या वेळेत येणार कोण? तेव्हा बीपीचे यंत्रच किनाऱ्यावर, वाडीवर न्या. दुखत नाही म्हणून गोळी सोडणाऱ्याला आशाताईंनी हटकावे. पण आधी केंद्रात गोळी शिल्लक हवी!

– एक वाचक, चिखले (ता. डहाणू)