किल्ला पोरांनाच बांधू द्या



आज पीकपाणी बाजूला ठेवून खेळण्याविषयी बोलू. सुट्टीत नातू आला, तो प्लॅस्टिकच्या विटांचा किल्ला घेऊन. बुरूज, उचलता येणारा पूल, भालेवाले शिपाई; युरोपातील जुन्या गढीचा नमुनाच. डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्टियनसेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला घेतली, त्यातूनच लेगोचा हा कारखाना उभा राहिला. विटेचे पेटंट १९५८ चे, आणि १९७८ साली त्यांचा पिवळा किल्ला निघाला.

नातवाने भिंत रचली, ती उभी फाटली. सांध्यावर सांधा आला होता. मला राहवले नाही. सगळा किल्ला मीच बांधून कपाटावर ठेवला. पोर दोन दिवस तिकडे फिरकले नाही. तेव्हा माझी चूक उमगली. किल्ला मोडून विटा त्याच्यापुढे ओतल्या आणि म्हटले, "गोठ्याच्या भिंतीत गवंड्याने सांधा कसा मोडलाय, पाहून ये." तो पाहून आला. वरची वीट खालच्या दोन विटांवर निम्मी-निम्मी बसवली. भिंत हलेना! वर त्याने बैलगाडी जाईल एवढा दरवाजाही ठेवला. चित्रात तो नव्हता.

आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा ९१ कोटींहून अधिक प्रकारे जोडता येतात. मग चित्राबरहुकूमच बांधायचा हट्ट कशाला?

संच असो की दिवाळीचा मातीचा किल्ला, पोरांना चुकू द्या, मोडू द्या. रोपाला काठीचा आधार द्यावा; ओढून ते वाढत नाही.

मात्र घरात तीन वर्षांखालील मूल असेल, तर बारीक तुकडे त्याच्या हाती लागू देऊ नका. घशात अडकतात.