हरवलेला काटा

मोटारगाडीच्या चालकासमोरील फळीवर एके काळी चार-पाच काटे असत. तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, बॅटरीचे भरण; एका दृष्टिक्षेपात यंत्राची प्रकृती कळावी अशी ती योजना होती. आता वेग आणि इंधन दाखवून झाले की उरलेल्या जागेत गाण्याचे नाव झळकते. काही बिनसलेच तर एक पिवळा दिवा लागतो, आणि काय बिनसले हे तो दिवाही सांगत नाही. नेमक्या याच काळात लहान गाड्यांतही टर्बो येऊन बसला आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊ शकणारे हे चक्र, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राकरवी हवा दाबून इंजिनात भरते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट घेतलेली ही कल्पना. परंतु ती हवा किती दाबाने जाते हे दाखवणारा काटा, ज्याला बूस्ट गेज म्हणतात, बहुतेक गाड्यांत नसतो. तो पदरमोड करून बाहेरून बसवावा काय?

प्रश्न हौशी तरुणांचा वाटेल. आम्हांलाही तसाच वाटे. गेल्या ऊस हंगामात एका स्नेह्यांच्या डिझेल गाडीतून चोर्ला घाट चढून बेळगाव, संकेश्वरमार्गे चिकोडीस जाण्याचा योग आला. घाटात गाडी धापा टाकू लागली; मागे काळा धूर. हीच तक्रार घेऊन ते गृहस्थ दोनदा सेवा केंद्रात जाऊन आले होते, आणि ‘संगणकात दोष दिसत नाही’ एवढे ऐकून, बिल भरून परतले होते. चढावर मालमोटारीला मागे टाकण्यास निघावे, निम्म्यातच गाडीने दम सोडावा आणि वळणावरून बस समोर यावी, हा प्रसंग ज्याने अनुभवला आहे तो काट्याला हौस म्हणणार नाही.

चिकोडीस ट्रॅक्टर आणि मालमोटारी दुरुस्त करणाऱ्या एका मेस्त्रींनी धूर पाहिला मात्र, म्हणाले, “साहेब, हवा कुठंतरी पळतीया. आदी काटा लावू, मग बघू.” त्यांनी इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेवर जोड देऊन एक साधा दाबमापक तात्पुरता बांधला. भर चढावर जो काटा एक बारच्या आसपास जावयास हवा, तो अर्ध्यावरच अडला. मग इंटरकूलरच्या रबरी नळीतील चीर सापडण्यास वेळ लागला नाही. गाडी उभी असता ती मिटलेली राही. दाब आला की उघडे. नळी बदलली, धूर थांबला. मापक आमच्या स्नेह्यांनी विकतच घेतला.

या भागातील माणसाला दाबाच्या काट्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. चिकोडीचा दूधगंगा-कृष्णा, संकेश्वरचा हिरण्यकेशी, असे सहकारी साखर कारखाने ज्या मुलखात आहेत, तेथे बॉयलरवरचा काटा वाचणे हे घरोघरच्या कुणा ना कुणाचे काम. वाकवलेली पोकळ नळी दाबाने उलगडू पाहते आणि काटा हलतो, ही फ्रान्सच्या बूर्दाँने १८४९ मध्ये शोधलेली युक्ती बॉयलरवर आहे, आणि साध्या बूस्ट गेजमध्येही बहुधा तीच असते. बॉयलरला मापक सक्तीचा. टर्बोला मात्र ऐच्छिक!

तथापि काटा बसवणे म्हणजे कोठेही भोक पाडणे नव्हे. पेट्रोल गाडीत जोड थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डवर घ्यावा. ब्रेकच्या बूस्टरकडे जाणाऱ्या नळीला हात लावू नये, कारण तेथील गळती थेट ब्रेकवर येते. नळी टर्बोच्या उष्णतेपासून दूर न्यावी. खिडकीलगतच्या पुढच्या खांबावर मापक मिरवण्याची चाल आहे. ती आम्हांस मान्य नाही. अनेक नव्या गाड्यांत त्याच खांबाच्या आवरणामागे पडद्याच्या एअरबॅगचा भाग असतो. फ्यूजविना तार जोडू नये, आणि हमीच्या मुदतीत तार तोडण्यापूर्वी हमीपत्र वाचावे.

आकडा वाचण्यातही एक मौज आहे. आमचे स्नेही पणजीहून पुन्हा वर गेले तेव्हा चिकोडीस काटा किंचित जास्त दाखवू लागला, म्हणून घाबरले. दोष कसलाच नव्हता. चिकोडी समुद्रसपाटीपासून सुमारे ६८० मीटर उंच; तेथे बाहेरच्या हवेचाच दाब पणजीच्या एक बारऐवजी सुमारे ०.९३ बार. हा काटा बाहेरच्या हवेच्या वरचा दाब मोजतो, आणि इंजिनाला तेवढीच हवा पुरवण्यासाठी टर्बोला अधिक राबावे लागते. टर्बो नसलेली गाडी तेथे सात-आठ टक्के शक्ती गमावून बसते.

आमचा विरोध आहे तो काटा बसवून मग दाबच वाढवू पाहणाऱ्यांना. इंजिनाच्या संगणकाला चकवणारी पेटी लावून काटा लाल पट्ट्याकडे ढकलणे आणि घाटात शर्यती लावणे ही जिज्ञासा नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तेच बजावले आहे. केवळ दाब दाखवणाऱ्या मापकाने त्या तपशिलात काही बदलत नाही. दाब वाढवून शक्ती बदलणाऱ्याला मात्र हा बचाव नाही.

खरे पाहता हा उपद्‌व्याप मालकाला करावा लागू नये. आजच्या टर्बो गाडीत हवेचा दाब मोजणारा सेन्सर कारखान्यातूनच बसवलेला असतो. इंजिनाचा संगणक तो आकडा क्षणोक्षणी वाचत असतो. काही थोड्या गाड्या तो पडद्यावर दाखवतातही. ज्या पडद्यावर दिव्यांचे रंग बदलण्याची सोय आहे तेथे हा एक आकडा का नाही, असे गाडीची नोंदणी करण्यापूर्वी प्रत्येक ग्राहकाने विक्रेत्यास विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे.