सामायिकाची बैठक आणि कमरेचे बळ



गेल्या चातुर्मासात स्थानकात एक दृश्य मनाला लागले. जमिनीवरची आसने कमी आणि भिंतीलगतच्या खुर्च्या अधिक झाल्या होत्या. त्यांतील एका खुर्चीवर मीही होतो. सामायिकाची ४८ मिनिटे खाली बसणे जमत असे. परंतु उठताना दुसऱ्याचा हात शोधावा लागे.

कारण उघड होते. खामगावची चांदीची पेढी असो वा मलकापूरची कापसाची अडत, आपला दिवस बैठकीतच सरतो. माझी बँकेतील नोकरीही खुर्चीतच झाली. नितंबाचा स्नायू हा शरीरातील सर्वांत मोठा. उठणे आणि पायरी चढणे हे त्याचे काम. त्याच्या वरच्या बाजूचा स्नायू एका पायावर उभे असताना कंबर कलू देत नाही. काम न दिल्यास दोन्ही दुबळे होतात.

दिवाळीनंतर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने घरीच व्यायाम आरंभला. प्रारंभी उताणे निजून, गुडघे दुमडून कंबर उचलणे १० वेळा. कुशीवर वळून वरचा पाय सरळ उचलणे प्रत्येक बाजूस ८ वेळा. हाताच्या आधाराविना खुर्चीतून उठणे ५ वेळा. हे सर्व दिवसाआड. उपवासाच्या दिवशी विश्रांती. सतरंजी अंथरण्यापूर्वी जागा पुंजून घेण्याची जयणा अर्थातच पाळली.

सहज जमू लागले की संख्या दोनाने वाढवायची. पुढे कंबर वर उचलून १० अंक मोजेपर्यंत धरली, खुर्चीऐवजी बुटके स्टूल घेतले, मग जिन्याची एकच पायरी चढउतार केली. एकदा उतावीळपणे संख्या दुप्पट केली आणि आठवडाभर कंबर धरली. आवर्ती ठेवीचा हप्ता लहान असावा, पण चुकू नये, हे जन्मभर ग्राहकांना सांगितले. स्वतःला मात्र तेव्हा उमगले.

महावीर जयंतीला तिक्खुत्तोच्या पाठाने तीन वंदना केल्या. तिन्ही वेळा कोणाचा हात न धरता उठलो.

खुर्चीत बसून केलेली आराधना उणी नव्हे. ज्यांचे सांधे झिजले आहेत अथवा शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही करू नये. परंतु केवळ सवयीने ज्यांनी खुर्ची धरली आहे, त्यांनी आपले आसन पुन्हा उलगडून पाहावे. पर्युषणास अजून अवकाश आहे.