बशा फोडणारा वादक

२०१३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसी प्रॉम्सची एक मैफल झाली. जॉन विल्सन आणि त्याचा ऑर्केस्ट्रा हॉलिवूडच्या जुन्या चित्रपटांचं संगीत वाजवत होते आणि मध्येच काही मिनिटं 'टॉम अँड जेरी' आलं. मागे पडदा नाही, मांजर नाही, उंदीर नाही. व्हायोलिनवाले जीव खाऊन वाजवताहेत आणि मागच्या रांगेत तालवाद्यांवरची मंडळी गंभीर चेहऱ्यानं चिनी मातीच्या बशा फोडताहेत. बशी फुटते ती ठरलेल्या मात्रेवर, अर्धी मात्रासुद्धा इकडे-तिकडे नाही. यूट्यूबवर हे सगळं आहे. मी ते किती वेळा पाहिलंय हे सांगत नाही, घरात त्यावरून पुरेशी चेष्टा होते.

हे संगीत स्कॉट ब्रॅडलीचं. एमजीएमच्या कार्टून विभागात तो वर्षानुवर्षं हेच करत होता. (आपल्या छत्रपती संभाजीनगरात एमजीएम म्हणजे महात्मा गांधी मिशन, इथे मात्र सिंहाच्या डरकाळीवालं मेट्रो गोल्डविन मेयर समजावं.) ब्रॅडलीचा ताफा छोटा असे, वीसेक वादकांचा. तेवढ्यात धावणं, घसरणं, आपटणं, चोरपावलं, इस्त्री डोक्यात पडणं, सगळं बसवायचं. संवाद जवळजवळ नाहीतच, म्हणजे गोष्ट सांगायची जबाबदारी वाद्यांवर. १९४४ च्या 'पुटिंग ऑन द डॉग'मध्ये जेरी कुत्र्याचं मुंडकं घालून पळतो, तिथे ब्रॅडलीनं शोएनबर्गची बारा स्वरांची पद्धत वापरली. विसाव्या शतकातलं सगळ्यात रुक्ष समजलं जाणारं संगीत उंदराच्या पळण्याला दिलं आणि पोरं हसली. मैफलीला बसलेल्या रसिकांनी त्याच सुरांवर कपाळाला आठ्या घातल्या असत्या.

आमच्या घरी केबल आली त्याच सुमारास, १९९५ मध्ये, कार्टून नेटवर्क भारतात सुरू झालं. दिवसभर कार्टून, रात्री त्याच चॅनलवर टीएनटीचे जुने इंग्रजी चित्रपट. लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी आम्ही पहिल्यांदा ऐकली ती टॉमच्या पंजातून, 'द कॅट कॉन्चर्टो'मध्ये. रोसिनी भेटला बग्ज बनीच्या न्हाव्याच्या दुकानात. ते कुणाचं आहे, हे सांगायला कुणी नव्हतं आणि कुणाचं काही अडलंही नाही.

हे बांधायचं कसं, ते बघण्यासारखं आहे. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी पळतात. संगीतकार ठरवतो की बारा चौकटींना एक ठोका, म्हणजे मिनिटाला १२०. पाठलाग सुरू झाला की आठ चौकटींना एक, म्हणजे १८०. मग चित्रकार आणि संगीतकार एकाच तक्त्यावरून काम करतात: तेराव्या ठोक्याला पाय घसरला, पंधराव्याला भिंत. वादकांच्या कानात टिक-टिक आवाज सोडायचा आणि त्यावर वाजवून घ्यायचं. या टिक-टिकीचं श्रेय बऱ्याचदा कार्ल स्टॉलिंगला देतात. वॉर्नरच्या बग्ज बनी, डॅफी डक मंडळींना १९३६ पासून १९५८ पर्यंत संगीत दिलं ते यानं, आणि त्याच्या हाताशी पन्नासेक वादकांचा ताफा होता.

स्टॉलिंग आधी कॅन्सस सिटीतला, मूकपटाच्या थिएटरातला ऑर्गनवाला. पडद्याकडे बघत बघत वाजवायचा. घोडा पळाला की बोटं पळायची, नायिका रडली की बोटं रडायची. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? मूकपटाच्या जमान्यात पडद्यापुढे पेटी-तबल्याची मंडळी बसत. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या नाचवून 'आगकाड्यांची मौज' केली. त्या काड्या मुक्या होत्या, आवाज जो काय असेल तो थिएटरात बसलेल्या माणसाचा. तमाशात तर पडदाही लागत नाही. वगात सोंगाड्यानं टपली खाल्ली की ढोलकीवर थाप पडलीच पाहिजे. ढोलकीवाल्याची नजर सोंगाड्याच्या हातावर नसेल तर विनोद तिथेच मेला.

म्हणून मोठ्या कार्टून-मैफलींमधली एक गोष्ट मला फार गमतीची वाटते. १९९० मध्ये जॉर्ज डॉहर्टीनं 'बग्ज बनी ऑन ब्रॉडवे' सुरू केलं. मोठ्या पडद्यावर मूळ कार्टून, संवाद आणि आवाज मूळचेच, संगीत मात्र समोर बसलेला ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष वाजवणार. पुढे त्याच धर्तीवर जगभर प्रयोग झाले. यात वादक बसतात पडद्याखाली, पडद्याकडे पाठ करून. चित्र बघतो फक्त संचालक. प्रेक्षक खो-खो हसतात आणि ट्रॉम्बोनवाल्याला कळत नाही कशावर. त्याचे डोळे कागदावर असतात. ज्या विनोदाचा ठोका त्याच्या हातून पडतो, तो विनोद त्याला दिसतच नाही.

मागच्या लग्नसराईत वरात अडली होती तेव्हा बँडच्या मास्तरांना मोबाइलवर विल्सनचा तो व्हिडिओ दाखवला. ते क्लॅरोनेट वाजवतात. गळ्यातला रुमाल सैल करून त्यांनी नीट बघितला, बशा फुटल्यावर हसले.

"सर, लई कडक वाजवतेत. पण सगळे कागदात तोंड घालून बसलेत की."

"लिहिलेलं वाजवतात ना, मास्तर."

"आमचं तसं नाय जमत. नवरदेवाचा मामा नाचता नाचता खाली बसला की साइड ड्रमवाल्यानं खाली आलंच पाहिजे. मामा उठला की उठायचं. मी मामाकडं बघतो, पोरं माझ्याकडं बघतेत."

मामा हा टॉमच. फक्त त्याच्या हालचालीचा तक्ता आधी कुणाकडे नसतो. मास्तरांचा ताफा किती जणांचा? मोजले तर ब्रॅडलीच्या जवळपासच.

आणि वीस-तीस माणसांनी एकत्र वाजवायचं कसं, याचं शास्त्र आपल्या गावापासून पंधरा किलोमीटरवर लिहिलं गेलंय. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शारंगदेवानं तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात वृंदाचा हिशेबच आहे: चार मुख्य गायक, आठ साथीचे गायक, बारा गायिका, चार बासरीवाले, चार मृदंगवाले, हा उत्तम वृंद. बेरीज ३२. पुढे वृंदाचे गुण सांगितलेत. मुख्याच्या मागे जाणं, एकमेकांत मिसळणं, ताल धरून राहणं हे तर ओघानं आलंच. मला आवडतो तो गुण म्हणजे एकाचं तुटलं तर दुसऱ्यानं सावरून घेणं. सातशे-आठशे वर्षांपूर्वी या माणसाला माहीत होतं की ताफ्यात कुणाचं ना कुणाचं तुटणारच. कानातल्या टिक-टिकीला हे माहीत नाही. ती पुढे निघून जाते. आपल्याकडे महागामी या नृत्यसंस्थेत शारंगदेवाच्या नावानं महोत्सव होतो, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

आता माझा हट्ट सांगतो. मुंबईत एनसीपीएचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून. देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर जाऊन तो ऐकता येतो, ऐकावाच. पण कार्टूनचा कार्यक्रम मला इथे हवाय, रुक्मिणी सभागृहात, आणि सुरुवात बग्ज बनीनं नकोय. ती 'एक अनेक और एकता'नं व्हावी. १९७४ ची फिल्म, विजया मुळ्यांची, चित्रं भीमसेन यांची आणि संगीत वसंत देसाईंचं. 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखें बारह हाथ', 'अमर भूपाळी' ज्या माणसानं केले, त्यानं पोरांच्या कार्टूनला हात आखडता घेतला नाही. गाणारी मुलगी होती साधना सरगम. दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये ही फिल्म लागायची आणि ताट हातात घेऊन आम्ही तिथेच थबकायचो. देसाईंच्या आठवणीत लोक मोठी गाणी सांगतात, ही सात मिनिटं कुणी मोजत नाही. ती मोजावी असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण आहे. जुन्या फिल्ममध्ये आवाज आणि वाद्यं एकाच पट्टीवर मिसळलेली. संगीत तेवढं काढून टाकायचं म्हटलं तर संवादही जातात. म्हणजे मुलांना समोर उभं करून बोलायला-गायला लावावं लागेल. झकास! आणि वाद्यांचं? तर एमजीएमनं आपल्या संगीतिकांची हजारो लिखित पानं कचऱ्यात काढली होती, पुढे याच जॉन विल्सननं चित्रपट ऐकून ऐकून ती कानानं पुन्हा लिहिली. आपल्याकडे ऐकून उतरवणाऱ्यांची कधी टंचाई होती? शहरात गाण्याच्या क्लासात बसलेला कोणताही हुशार पोरगा हे करील.

दुसरा क्रमांक 'द बनियन डिअर'. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागानं १९५७ मध्ये केलेली जातककथा, शिकवायला डिस्नेकडून आलेला क्लेअर वीक्स, आणि चित्रांची शैली अजिंठ्याच्या भिंतींवरून घेतलेली. शंभर किलोमीटरवर ज्याची मूळ चित्रं आहेत ते कार्टून या शहरानं पाहिलंय का, असं विचारायची सोय नाही. तिसरा ब्रॅडली, बशांसह. तिथे मात्र वादकांची तोंडं पडद्याकडे. कागद नाही, टिक-टिक नाही. मास्तर टॉमकडे बघतील, पोरं मास्तरांकडे. चार ठिकाणी चुकेल, सावरून घेतील.

मास्तरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"आषाढात घ्या सर. तुळशीच्या लग्नापासून सुपाऱ्या चालू होतेत, मग जमायचं नाय. गणपतीत तर नावच काढू नका. अन् ॲडव्हान्स किती द्याल?"