दहा आज्ञा आणि पंचशील एकच का?

पनवेलजवळच्या एका वस्तीत मागच्या महिन्यात आम्ही बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. तिथली एक ताई दर रविवारी प्रार्थनेला जाते. तिने विचारले, "दादा, आमच्या दहा आज्ञा आणि तुमचं पंचशील एकच ना?" आमच्यातल्या तरुण कार्यकर्त्याने लगेच मान डोलावली. चोरी करू नको, खोटे बोलू नको, दोन्हीकडे आहेच. त्याच्यापुरता विषय संपला. आमच्या मते तो तिथे सुरू होतो.

आधी समोरच्याचे म्हणणे नीट समजून घेऊ. दहा आज्ञांच्या तोंडालाच मिसरच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेची आठवण आहे. म्हणजे हा कायदा सुटलेल्या गुलामांना दिलेला. सातव्या दिवसाची विश्रांती धन्याला तशीच दासदासींना, अगदी बैलगाढवांनाही. आपल्या पनवेलात बेथ एल सिनेगॉग आहे. कोकणातले बेने इस्राएल तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. देवाचा कायदा इथे कष्टकऱ्याला सुट्टी देतो. मनुस्मृतीत शूद्रासाठी अशी सुट्टी कोणी शोधून दाखवावी! बाबासाहेबांनी मोशेवर लेख लिहिला तो उगाच नव्हे.

ख्रिस्ती धर्मात या कायद्याला आणखी एक काम मिळाले. पौल त्याला बालरक्षक म्हणतो. ग्रीक घरांत मुलाला शिक्षकापर्यंत नेऊन सोडणारा गुलाम असे, तो हा. कायदा तारत नाही, तारणाऱ्याकडे नेतो. सोळाव्या शतकात काल्विनने त्याला आरशाची उपमा दिली. आरशात चेहऱ्यावरचा डाग दिसतो, धुतला जात नाही. आपण पापी आहोत हे माणसाला कळावे आणि त्याने ख्रिस्ताची कृपा मागावी. श्रद्धावंताला वाट दाखवणे हेही काल्विन कायद्याचे काम मानतो, पण आरसा आधी.

आमची हरकत या आरशाला आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांबद्दल लिहिताना बाबासाहेबांनी नेमके इथेच बोट ठेवले. ज्याला समाजरचनेने खाली ढकलले, त्यालाच सांगितले जाते की तुझे पतन तुझ्या पापामुळे झाले. मग तो रचनेशी भांडेल कशाला? अहमदनगरकडे मिशनमुळे महार-मांगांच्या मुलांना शाळा मिळाली, ती कमाई आम्ही नाकारत नाही. पण या ताईची झोपडी दोनदा पाडली गेली. त्यात तिचे पाप कोणते?

पंचशिलात आज्ञा देणारा कोणी नाही. 'समादियामि' म्हणजे मी स्वतः स्वीकारतो. शील मोडले तर देव कोपत नाही. कोणाचे नुकसान झाले ते आपणच पाहायचे. १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत केलेला फरक हाच. नियम नुसता पाळला जातो. तत्त्व वापरायला विचार करावा लागतो, म्हणून जबाबदारीही आपली.

आता आपल्या विहारात डोकावू. मुले पाली घडाघडा म्हणतात. अर्थ विचारला की मोठी माणसे "असंच म्हणायचं असतं" म्हणून गप्प करतात. पाचवे शील घेतलेलेच काही जण जयंतीच्या मिरवणुकीत झिंगलेले दिसतात. तत्त्वाचा नियम आपणच केला, आणि तोही पाळला नाही. त्या ताईची मंडळी निदान दर रविवारी एक उतारा उघडून त्यावर तासभर बोलतात.

पुढच्या बैठकीत आम्ही ताईला "एकच नाही" असे सांगणार आहोत, कारणासकट. मान डोलावणाऱ्या कार्यकर्त्याला पाचही शिले स्वतःच्या शब्दांत लिहून आणायला सांगितले आहे. आठवडा झाला, अजून दोनच झाली आहेत.