नाकातला पाहुणा आणि त्याचे अंगरखे

बालमित्रांनो, वर्गात एकाला सर्दी झाली की चार दिवसांत अर्धा वर्ग शिंकू लागतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. अशा शिंकांमधून एक जिवाणूही या नाकातून त्या नाकात जातो. त्याचं नाव न्यूमोकोकस. १८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी तो स्वतंत्रपणे शोधला.

लहान मुलांच्या नाकात तो गुपचूप मुक्काम करतो. बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही. पण फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला तर मेंदूज्वर! तान्ह्या बाळांच्या तर जिवावर बेततं.

या जिवाणूच्या अंगावर साखरेच्या रेणूंचा अंगरखा असतो. त्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना तो सहज पकडता येत नाही. आणि अंगरखा एकाच तऱ्हेचा नाही बरं का! आजवर शंभराहून जास्त प्रकार सापडलेत. शास्त्रज्ञांनी त्यांना नंबर दिलेत. एकाच नाकात दोन प्रकार भेटले, तर एकमेकांची जनुकं घेऊन ते अंगरखा बदलूही शकतात!

लस शरीराला हा अंगरखा ओळखायला शिकवते. पण प्रदेशाप्रदेशांत वेगळे प्रकार जास्त आढळतात. २००० साली अमेरिकेत आलेली लस ७ प्रकारांवर होती. आफ्रिका आणि आशियात अनेक मुलांना आजारी पाडणारे १ आणि ५ नंबरचे प्रकार तिच्यात नव्हतेच! दुसऱ्याच्या मापाचा सदरा आपल्याला कसा बसणार?

म्हणून शास्त्रज्ञ देशोदेशीच्या मुलांच्या नाकातले आणि आजारी मुलांच्या रक्तातले नमुने तपासतात. असे प्रकार लक्षात घेऊन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने १० प्रकारांवरची लस तयार केली. डिसेंबर २०२० मध्ये ती आली. तिच्यात १ आणि ५ दोन्ही आहेत. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभरातल्या सरकारी लसीकरणात मोफत मिळू लागली.

आता तुमचं काम. घरात तान्हं भावंड असेल तर आईबाबांबरोबर त्याचं लसीकरणाचं कार्ड काढा. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, अशा तीन वेळा ही लस देतात. एखादी राहिली असेल तर आरोग्य केंद्रात विचारा. आणि हो, शिंकताना नाकातोंडावर रुमाल धरा. आपल्या नाकातला पाहुणा बाळाकडे कशाला धाडायचा?

भेटू पुढच्या आठवड्यात!